एक्स-रेवर ‘टाइप 3 ॲक्रोमियन’ लिहून आलंय, मग हाड घासायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 46, उजवा खांदा चार महिन्यांपासून दुखतो. हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते, त्या कुशीवर झोपता येत नाही. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये ‘टाइप 3 हुक्ड ॲक्रोमियन’ आणि एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटसची, म्हणजे हात उचलणाऱ्या एका स्नायूच्या कंडरेची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची), अंशतः फाट असं लिहिलं आहे. हाडाचा हा आकार जन्मतःच असतो का? दुखणं त्यामुळेच आहे का? दुर्बिणीतून हाड घासून घ्यावं का, आणि नाही घेतलं तर कंडरा पूर्ण फाटेल का?

आधी सरळ उत्तर देतो. रिपोर्टमधल्या या एका शब्दावरून हाड घासून घेऊ नका. फऱ्याच्या आकाराचा खांद्याच्या दुखण्याशी संबंध नक्की आहे, काही आजारांत तर उपचार त्या आकारावरच ठरतो. पण ‘टाइप 3’ हा शब्द त्यांतला नाही. कुठला आकार महत्त्वाचा, कुठला नाही, हे कळलं की रिपोर्टची भीती बरीच कमी होते.

फरा म्हणजे खांद्याचं पाते. दुसऱ्या ते सातव्या बरगडीच्या मागे, स्नायूंच्या थरावर तरंगणारं हे त्रिकोणी, पातळ हाड. त्याला 17 स्नायू चिकटतात, आणि धडाशी त्याचा हाडाचा दुवा एकच, तो म्हणजे गळपट्टीचं हाड. बाकी सगळा भार स्नायूंवर. फऱ्याच्या पाठीवर एक आडवी कड असते. ती हाताने चाचपत बाहेर गेलात की खांद्याच्या माथ्यावर जे चपटं, कठीण टोक लागतं ते ॲक्रोमियन. हे खांद्याचं छत. पुढच्या बाजूला कोरॅकॉइड नावाची बोटासारखी गाठ असते आणि या दोहोंच्या मध्ये एक जाड अस्थिबंध ताणलेला असतो. या छताखाली बर्सा नावाची पातळ पिशवी, तिच्याखाली सुप्रास्पायनेटसची कंडरा आणि त्याखाली दंडाच्या हाडाचा गोळा. एक्स-रेवर छत आणि गोळा यांत साधारण 7 ते 14 मिलिमीटर अंतर दिसतं, आणि तेवढ्यातच हे सगळं बसलेलं असतं.

फऱ्याचा बाहेरचा कोपरा म्हणजे ग्लेनॉइड, सांध्याची उखळी. शाळेत उखळीचा सांधा म्हणून खांदाच शिकवतात, पण ही उखळी नावालाच. खोलीच्या मानाने ती बशी आहे. म्हणून हात सगळ्या दिशांना फिरतो, आणि म्हणूनच तो निखळतोही.

‘टाइप 1, 2, 3’ हे आलं कुठून

1972 मध्ये चार्ल्स नीर या अमेरिकी अस्थिशल्यविशारदांनी मांडलं की कंडरा छताच्या पुढच्या कडेवर घासते आणि झिजते, म्हणून ती कड कापून सपाट करावी. 1986 मध्ये बिग्लियानी आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांतले 140 खांदे तपासून ॲक्रोमियनचे तीन आकार सांगितले: सपाट, वक्र आणि आकडीसारखा. फाटलेल्या कंडरा आकडीसारख्या छताखाली जास्त सापडल्या. तेव्हापासून हे तीन आकडे रिपोर्टमध्ये लिहायची पद्धत पडली.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मात्र मागे पडते. सपाट छत केवळ 17 टक्के खांद्यांत होतं, वक्र 43 आणि आकडीचं 39 टक्क्यांत. म्हणजे सपाट छतच कमी आढळतं; वक्र किंवा आकडीचं असणं हा काही विरळा दोष नव्हे. शिवाय ते खांदे बहुतांशी उतारवयातल्या माणसांचे होते, आणि वयाबरोबर दोन्ही गोष्टी वाढतात, छताच्या टोकाचं हाडही आणि कंडरेची झीजही. दोन गोष्टी एकत्र सापडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही.

आकडी जन्मजात असते का, याचं उत्तर: छताची मूळची कमान बरीचशी जन्मजात, पण टोकाची आकडी बहुधा नंतर तयार होते. तरुणांच्या एक्स-रेत खरी आकडी क्वचितच दिसते. कोरॅकॉइड आणि ॲक्रोमियन यांच्यामधला तो अस्थिबंध वर्षानुवर्षं ताणला जातो आणि ॲक्रोमियनला जिथे चिकटतो तिथे त्याच्या आतच हाड धरायला लागतं. टाचेच्या हाडाला येणारा काटाही असाच ओढीतून येतो, असं अनेकजण मानतात. कंडरा कमकुवत झाली की गोळा थोडा वर सरकतो, छतावर दाब वाढतो आणि हे हाड आणखी धरतं. म्हणजे पुष्कळदा आकडी हे झिजेचं कारण नसून तिचा परिणाम असतो. कंडरेची झीजही अनेकदा छताकडच्या बाजूने नव्हे, तर सांध्याकडच्या बाजूने सुरू होते, जिथे छत पोचतच नाही. तुमच्या एमआरआयमधली अंशतः फाट कुठल्या बाजूची आहे ते रिपोर्टमध्ये शोधा. ‘आर्टिक्युलर साइड’ (सांध्याकडची बाजू) लिहिलं असेल तर छताने घासून ती पडली हे म्हणणं फारसं टिकत नाही. ‘बर्सल साइड’ (छताकडची बाजू) असेल तर त्या शंकेला थोडी जागा आहे.

आणखी एक अडचण मापनाची. हा आकार ठरवायचा तो फऱ्याच्या बाजूने, पात्याच्या रेषेत घेतलेल्या एक्स-रेवर, ज्यात एक्स-रेची नळी 5 ते 10 अंश खाली झुकवलेली असते. झुकाव थोडा चुकला की सपाट छत वक्र दिसतं आणि वक्र छत आकडीचं. नेहमीच्या समोरून घेतलेल्या एक्स-रेवर तर हा प्रकार ठरवताच येत नाही. फिल्म उत्तम असली तरी एकच एक्स-रे दोन तज्ज्ञांनी पाहिला तर टाइप 2 की 3 यावर त्यांचं अनेकदा जमत नाही. ज्या मापावर मोजणाऱ्यांचंच एकमत नाही, त्यावर शस्त्रक्रिया ठरवणं मला पटत नाही.

घासण्याच्या शस्त्रक्रियेची खरी परीक्षा 2018 मध्ये झाली. ब्रिटनमधल्या 313 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले होते: एकाचं हाड घासलं, दुसऱ्याच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून पाहिलं, तिसऱ्यावर काहीच केलं नाही. सहा महिन्यांनी घासलेले आणि नुसते पाहिलेले यांच्यात फरक नव्हता. काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही गट किंचित बरे होते, पण रुग्णाला जाणवावा इतका तो फरक नव्हता. त्याच वर्षी फिनलंडमधल्या अभ्यासातही, दोन वर्षांनंतर, घासणं आणि नुसतं पाहणं यांत अर्थपूर्ण फरक निघाला नाही. 2019 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या तज्ज्ञ गटाने अशा खांदेदुखीसाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली. हे निष्कर्ष कंडरा पूर्ण न फाटलेल्या, अपघात नसलेल्या दुखण्यासाठी आहेत. तुमचं वर्णन नेमकं त्यातच बसतं.

मग कुठला आकार खरंच महत्त्वाचा

छत खाली किती वाकलंय यापेक्षा ते बाहेर किती आलंय, याला जास्त अर्थ आहे. 2006 मध्ये नाइफेलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कंडरा फाटलेल्यांत छत गोळ्यावर जास्त बाहेर आलेलं असतं आणि सांधा झिजलेल्यांत कमी. 2013 मध्ये मूर आणि सहकाऱ्यांनी त्यात उखळीचा कल मिळवून एक कोन मांडला, क्रिटिकल शोल्डर अँगल. उखळीच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत एक रेघ काढायची, त्याच खालच्या कडेपासून ॲक्रोमियनच्या सर्वांत बाहेरच्या टोकापर्यंत दुसरी, आणि मधला कोन मोजायचा. निरोगी खांद्यांत तो सरासरी 33 अंश आला, कंडरा फाटलेल्यांत 38 आणि सांध्याची झीज असलेल्यांत 28. म्हणून 30 ते 35 हा साधारण पट्टा धरतात.

यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. डेल्टॉइड हा खांद्यावरचा मोठा स्नायू ॲक्रोमियनच्या कडेपासून निघतो. कड जितकी बाहेर, तितकी त्याची ओढ सरळ वरच्या दिशेला. हात उचलताना तो गोळ्याला छताकडे ढकलतो आणि गोळा उखळीत धरून ठेवायला सुप्रास्पायनेटसला जास्त जोर लावावा लागतो. उखळीचं तोंड वरच्या बाजूला कललेलं असेल तर ही घसरण आणखी सोपी होते. उलट छत आखूड असेल तर डेल्टॉइड गोळ्याला उखळीवर दाबतो. कंडरा वाचते, पण कूर्चेवर भार येतो. एकच हाड, पण आकाराप्रमाणे दोन वेगळे आजार. टाइप 1-2-3 ची मांडणी हे समजावून देऊ शकत नाही.

पण इथेही आकडा पाहून घाबरायचं नाही. या गटांची मापं एकमेकांत बरीच मिसळतात, 37 अंशांचा कोन असून आयुष्यभर खांदा न दुखलेली माणसं असतात, आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हा संबंध इतका ठळक आला नाही. कोन मोजण्यासाठी उखळीची पुढची-मागची कड एकावर एक दिसणारा खरा समोरचा एक्स-रे लागतो. त्यासाठी माणसाला 30 ते 45 अंश फिरवून उभं करावं लागतं, कारण फरा मुळात तेवढा पुढे वळलेला असतो. फिल्मवर उखळी अंड्यासारखी रुंद दिसत असेल तर कोन मोजूच नये, तो चुकीचाच येणार. कोन कमी करण्यासाठी छताची बाहेरची कड काही मिलिमीटर कापण्याचा पर्याय काही सर्जन वापरतात, तोही मुख्यतः फाटलेली कंडरा शिवताना. नुसत्या दुखण्यासाठी, न फाटलेल्या खांद्यात ते करायला पुरेसा आधार नाही.

छताबद्दलची एक गोष्ट रिपोर्टमधून अनेकदा सुटते, ती म्हणजे ‘ऑस ॲक्रोमियेल’. ॲक्रोमियनचं टोक वाढीच्या वयात वेगवेगळ्या तुकड्यांनी बनतं आणि साधारण 25 वर्षांपर्यंत ते जुळतात. सुमारे 8 टक्के लोकांत एखादा तुकडा जुळतच नाही. बहुतेकांना त्याचा कधी पत्ताही लागत नाही. पण काहींत डेल्टॉइडच्या ओढीने तो तुकडा हलतो आणि त्या जागेवर बोट दाबलं की नेमकं दुखतं. हे काखेतून घेतलेल्या एक्स-रेवर किंवा एमआरआयच्या आडव्या चित्रांत उत्तम दिसतं, समोरच्या एक्स-रेवर सहज निसटतं. ताज्या मारानंतर ते फ्रॅक्चर समजलं जातं. कडा गोलसर, गुळगुळीत आणि दुसऱ्या खांद्यातही तसंच असेल तर ते फ्रॅक्चर नव्हे. हे आधी न पाहता छत घासलं तर आधीच सैल असलेला तुकडा आणखी सैल होतो, आणि मोठा तुकडा काढून टाकला तर डेल्टॉइडचा आधार जाऊन हात दुबळा पडतो. छताला हात लावायचा विषय निघाला तर ‘ऑस ॲक्रोमियेल नाही ना’ एवढं विचाराच.

उखळीचा आकार

खांदा निखळण्याच्या तक्रारीत सगळं लक्ष ॲक्रोमियनवरून काढून उखळीवर न्यायला हवं. खांदा पुढे निखळताना उखळीची पुढची-खालची कड तुटते किंवा झिजते. समोरून पाहिलं तर उखळी पेअर फळासारखी असते, खाली रुंद. वारंवार निखळून खालची कड गेली की तीच उलटी दिसते, वर रुंद आणि खाली अरुंद. किती हाड गेलं ते सीटी स्कॅनच्या त्रिमितीय चित्रावर उखळीच्या खालच्या भागात एक पूर्ण वर्तुळ बसवून मोजतात. रुंदीतला साधारण 20 ते 25 टक्के भाग गेला असेल तर नुसती मऊ ऊती शिवून भागत नाही, खांदा पुन्हा निखळतो. मग कोरॅकॉइडचा तुकडा पुढच्या कडेवर स्क्रूने बसवणारी लातार्जे शस्त्रक्रिया विचारात येते. संपर्काचे खेळ खेळणाऱ्यांत याहून कमी तूटही त्रासाची ठरू शकते. गोळ्याच्या मागच्या बाजूला पडलेला खळगाही सोबत मोजावा लागतो, कारण दोन्ही मिळूनच गोळा कडेत अडकतो की नाही हे ठरतं. इथे आकार म्हणजे प्रत्यक्ष उपचाराचा निर्णय. म्हणून दोनतीनदा निखळलेल्या खांद्यात सीटी स्कॅन टाळू नये.

मागच्या बाजूला निखळणारे खांदे कमी, पण त्यांत उखळी जन्मतः मागे वळलेली सापडते, आणि छत उंच आणि आडवं असतं, म्हणजे मागून गोळ्याला आडोसा कमी. उतारवयातल्या सांध्याच्या झिजेतही उखळी मागे वळते आणि गोळा मागे सरकतो. सांधा बदलायचा असेल तर हे आधी सीटीवर मोजावं लागतं. हे वळण 15 अंशांच्या पुढे असेल तर पुढची बाजू तासून ती सरळ करायला हाड पुरत नाही. मग वेगळ्या आकाराचं किंवा उलट्या बनावटीचं कृत्रिम सांध्याचं साधन लागतं. हे न मोजता बसवलेली कृत्रिम उखळी लवकर सैल होते.

फऱ्याच्या बाकी आकारांबद्दल थोडक्यात. वरच्या कडेला एक खाच असते, तिच्यातून सुप्रास्कॅप्युलर नस जाते आणि खाचेवर अस्थिबंधाचं झाकण असतं. काहींत खाच अगदी अरुंद असते किंवा झाकणाचंच हाड झालेलं असतं, आणि नस चेपली जाते. मग खांद्याच्या मागच्या बाजूला खोल, बोथट दुखतं आणि हात बाहेर फिरवण्याचा जोर कमी होतो. नस पुढे, फऱ्याच्या कडेला वळसा घालताना चेपली तर फक्त इन्फ्रास्पायनेटस (फऱ्याच्या मागचा, कडेखालचा स्नायू) सुकतो, बहुतेक वेळा न दुखता. व्हॉलीबॉलपटूंत हे नेहमीचं. फऱ्याच्या मागे, कडेखालचा भाग एका बाजूला खोलगट दिसत असेल तर एमआरआय आणि नसांची तपासणी करा, नुसत्या व्यायामावर महिने घालवू नका.

हात फिरवताना फऱ्याखाली खडखड आवाज येतो, त्यामागे कधी वरच्या-आतल्या कोपऱ्याची पुढे वळलेली गाठ, कधी आतल्या पृष्ठभागावर वाढलेला ऑस्टिओकॉन्ड्रोमा (हाड-कूर्चेची साधी गाठ), तर कधी नुसती सुजलेली बर्सा असते. न दुखणाऱ्या आवाजावर उपचार लागत नाही. दुखत असेल, एका ठिकाणी गाठ लागत असेल किंवा एक फरा दुसऱ्यापेक्षा मागे उचललेला दिसत असेल तर सीटी काढून खात्री करावी. लहान मुलाचा एक खांदा उंच आणि फरा छोटा, वर राहिलेला दिसत असेल तर ती स्प्रेन्गलची जन्मजात विकृती असू शकते. त्यात मानेचे मणके आणि बरगड्याही तपासाव्या लागतात आणि बालअस्थितज्ज्ञाला लवकर दाखवणं हिताचं, कारण शस्त्रक्रिया करायची झाली तर लहान वयात चांगली होते.

आकार बदलत नाही, फऱ्याची चाल बदलते

हात पूर्ण वर गेला तर ढोबळमानाने 180 अंशांतले 120 सांध्यातून येतात आणि 60 फरा फिरल्यामुळे. फरा फिरताना त्याचं छत वर उचललं जातं आणि मागे कलतं, म्हणजे गोळ्याला वाट करून देतं. फरा फिरवणारे मुख्य स्नायू दोन, बरगड्यांवरून फऱ्याला जाणारा सेरेटस आणि मान-पाठीवरच्या ट्रॅपेझियसचा खालचा भाग. ते मंदावले, पाठीला बाक आला किंवा छातीवरचा पेक्टोरॅलिस मायनर आखडला की फरा पुढे झुकतो आणि सपाट छतही अडचणीचं होतं. म्हणून आकडीचं छत असूनही चांगली चाल असलेला खांदा दुखत नाही, आणि उत्तम छत असूनही चाल बिघडलेला खांदा दुखतो.

हे घरी पाहता येतं. शर्ट काढून आरशाकडे पाठ करा, घरच्या माणसाला मागून पाहायला सांगा आणि दोन्ही हात सावकाश पाच वेळा वर-खाली करा. हात खाली येताना एका बाजूच्या फऱ्याची आतली कड किंवा खालचं टोक जास्त उचललं जातंय का ते पाहा. मग त्याने फऱ्याच्या खालच्या टोकाला हात लावून, तुम्ही हात वर नेताना ते टोक बाहेरच्या आणि वरच्या दिशेला हलकेच ढकलावं. त्याने कळ ठळकपणे कमी झाली तर फऱ्याच्या व्यायामांचा तुम्हाला चांगला उपयोग होण्याची शक्यता आहे.

त्याआधी मात्र एक तपासणी करा, ती मी सर्वांत महत्त्वाची मानतो. कोपर कमरेला चिकटवा, 90 अंशात वाकवा आणि दुसऱ्या माणसाला तुमचा पंजा बाहेरच्या बाजूला फिरवू द्या. दुखऱ्या खांद्यात तो दुसऱ्या बाजूच्या निम्माच फिरून कडक अडत असेल तर हा बहुधा फ्रोझन शोल्डर (सांध्याचं आवरण आखडून खांदा कडक होणं) आहे, मग एक्स-रेवर आकडी असो वा नसो. 40 ते 60 या वयात, विशेषतः मधुमेह असेल तर, हे फार वेळा घडतं आणि ‘टाइप 3’ या शब्दाआड लपून राहतं. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि त्यात जोराचे व्यायाम सुरुवातीला त्रासच देतात. रक्तातली साखर तपासली नसेल तर तपासून घ्या.

पंजा नीट फिरतो, कळ साधारण 60 ते 120 अंशांच्या मध्ये येते आणि दुखणं दंडाच्या बाहेरच्या बाजूला उतरतं, असं असेल तर 12 आठवड्यांचा व्यायाम हाच पहिला उपचार. 2012 मध्ये स्वीडनमधल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेच्या यादीत असलेल्या रुग्णांना नेमून दिलेले व्यायाम 12 आठवडे दिले. त्यानंतर केवळ 20 टक्क्यांनी शस्त्रक्रिया मागितली. साधे, भार नसलेले व्यायाम दिलेल्या गटात 63 टक्क्यांनी.

पहिले दोन आठवडे: कोपर कमरेशी, मनगटाची मागची बाजू भिंतीला टेकवून बाहेरच्या दिशेने निम्म्या जोराने दाबा, 30 ते 45 सेकंद, पाच वेळा, दिवसातून दोनदा. त्यानंतर रबरी बँड. काखेत गुंडाळलेला टॉवेल धरून पंजा बाहेर फिरवा, 15 वेळा, तीन फेऱ्या. बाहेर नेताना एक सेकंद, परत आणताना तीन. सेरेटससाठी भिंतीवर हात टेकवून पुश-अप, आणि कोपर सरळ झाल्यावर भिंत आणखी थोडी ढकलून पाठ मागे न्यायची. 10 ते 15 वेळा, तीन फेऱ्या. बँड दोन्ही हातांनी मागे ओढायचा व्यायाम तेवढाच. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून हात अंगठा वर ठेवून उचलायचे, पण सरळ बाजूने नाही, 30 अंश पुढे, फऱ्याच्या रेषेत. आधी रिकामे, मग अर्धा किलो, मग एक, जमलं तर दोन. चौकटीला हात टेकवून छातीचा ताण 30 सेकंद, तीन वेळा, रोज. भाराचे व्यायाम एक दिवस आड केले तरी चालतात.

करताना दहापैकी चारपर्यंत दुखणं चालतं, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर व्यायाम बंद करू नका, भार निम्मा करा. बिघाड तीन ठिकाणी होतो. एक, हात उचलताना खांदा कानाकडे चढवणं; तसं होत असेल तर वजन जास्त आहे. दोन, ‘खांदे मागे आणि खाली’ ही सूचना ऐकून दिवसभर फरे आवळून ठेवणं. त्याने फरा वर फिरायचाच थांबतो आणि कळ वाढते. तीन, तिसऱ्या आठवड्यात थोडं बरं वाटलं की सोडून देणं. कंडरेत फरक पडायला आठवडे नाही, महिने लागतात.

रात्रीच्या दुखण्याने झोपच लागत नसेल तर छताखाली स्टिरॉइडचं एक इंजेक्शन व्यायाम सुरू करण्यापुरती उसंत देतं. त्याचा फायदा काही आठवड्यांचा. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, मोजत राहा. पुन्हा पुन्हा घेऊ नका, कंडरा कमजोर होते. इंजेक्शनने बरं वाटलं म्हणजे ‘हाडच दोषी’ असं काही सिद्ध होत नाही. दुखणं त्या जागेतून येतंय एवढंच कळतं. झोपताना त्या कुशीवर झोपू नका, उताणे झोपून कोपराखाली उशी ठेवा म्हणजे दंड मागे लोंबत नाही.

आता शेवटचा प्रश्न, कंडरा पूर्ण फाटेल का. अंशतः फाटी काही लोकांत हळूहळू वाढतात, सगळ्यांत नाही, आणि वाढल्या तरी ते वर्षांच्या हिशोबाने. फाट आणि दुखणं यांची सांगडही सैल आहे: 1999 मध्ये खांद्याची काहीच तक्रार नसलेल्या 411 जणांची सोनोग्राफी केली तेव्हा 50 ते 59 या वयात 13 टक्क्यांत आणि 80 च्या पुढे 51 टक्क्यांत पूर्ण फाट सापडली. आकडी घासल्याने फाट थांबते असं भरवशाने म्हणता येत नाही. तंबाखू ओढत असाल तर ते सोडणं कंडरेसाठी छत घासण्यापेक्षा जास्त मोलाचं आहे. सहा ते बारा महिन्यांनी सोनोग्राफी करून फाट मोजून पाहावी, एमआरआय पुन्हा लागेलच असं नाही.

थांबायचं नाही असे प्रसंग वेगळे. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात एकाएकी उचलता येईनासा झाला, तर ती ताजी पूर्ण फाट असू शकते आणि ती शिवायची झाली तर पहिल्या काही आठवड्यांत शिवलेली बरी. पंजा बाहेर नेऊन सोडला की तो तिथे धरता न येता आपोआप आत येतो, हीही त्याचीच खूण. विश्रांतीतही न थांबणारं रात्रीचं दुखणं आणि सोबत वजन घटणं, ताप, वाढणारी गाठ, मानेपासून बोटांपर्यंत मुंग्या किंवा चालताना-चढताना येणारी डाव्या खांद्याची कळ, यांत फऱ्याचा आकार बाजूला ठेवून आधी दुसरी कारणं शोधावी लागतात.

12 आठवडे नीट व्यायाम करूनही फरक नसेल, तर पुन्हा तपासणीला जाताना एवढं विचारा: फाट वाढली आहे का, कुठल्या बाजूची आहे, गळपट्टीच्या टोकाचा सांधा किंवा बायसेप्सची कंडरा दुखण्याचं मूळ आहे का, ऑस ॲक्रोमियेल आहे का. फाट निम्म्याहून जाड असेल आणि ताकद कमी होत असेल तर कंडरा शिवण्याची चर्चा रास्त आहे, आणि त्या वेळी छताचा एखादा खुपणारा काटा सोबत गुळगुळीत करायला हरकत नाही. फक्त हाड बेताने काढलं जावं. जास्त कापलं तर छत पातळ होऊन मोडतं, डेल्टॉइड सुटतो. आणि कंडरा शिवण्यापलीकडे गेलेली असताना कोरॅकॉइड आणि ॲक्रोमियनमधला अस्थिबंध कापला तर गोळा छताच्या पुढून वर निसटतो, आणि तो परत जागेवर आणणं फार कठीण असतं.